एन्टर दाबेपर्यंत

मेनफ्रेमबद्दल लिहितोय म्हटल्यावर निम्मी मंडळी इथूनच परत फिरतील, याची कल्पना आहे. या ब्लॉगवर येणाऱ्यांत प्रोग्रॅमर थोडे आणि भडगाव-पाचोरा-चाळीसगावकडचे नातेवाईक जास्त. नातेवाइकांना सांगतो, जरा थांबा. यात कोबोल कमी आणि तुम्ही तालुक्याला जाऊन भरता तो ऑनलाइन अर्ज जास्त आहे. प्रोग्रॅमर मित्रांनीही थांबावं, कारण यात त्यांना चार शब्द ऐकून घ्यायचे आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पन्नासेक वर्षांपूर्वी त्या हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर समोरच्या माणसाने भरलेली माहिती ज्या अदबीनं घेतली जायची, ती अदब आज आपल्या हातातल्या रंगीत मोबाइलवर फारशी दिसत नाही. आणि ती का गेली, याचं उत्तर तंत्रज्ञानात शोधून सापडणार नाही.

आता अदब म्हणजे नेमकं काय, हे सांगायला थोडं आत शिरावं लागेल. मी पुण्यात बसून बरीच वर्षं अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे सीआयसीएस प्रोग्रॅम सांभाळले. (आई अजूनही पाहुण्यांना 'तो विम्याच्या ऑफिसात आहे' असंच सांगते. मीही आता दुरुस्त करणं सोडलंय.) सीआयसीएस म्हणजे मेनफ्रेमवर बसलेला एक कारभारी. हजारो टर्मिनलांवरून येणारी कामं तो घेतो, योग्य त्या प्रोग्रॅमकडे देतो आणि उत्तर ज्याचं त्याला पोचवतो. आयबीएमने १९६८ मध्ये तो आधी वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी बनवला, आणि १९६९ पासून सगळ्यांना द्यायला सुरुवात केली. ग्राहक फोन करून 'माझं बिल इतकं कसं आलं?' विचारणार आणि समोरच्या क्लार्कने पडद्यावर बघून लगेच सांगायचं, हे त्याचं मूळ काम. नावातही 'कस्टमर इन्फर्मेशन' आहे ते त्यामुळेच. विजेच्या बिलाच्या तक्रारीतून इतकं मोठं सॉफ्टवेअर जन्माला आलं म्हटल्यावर आपल्याकडे तर आतापर्यंत दहा जन्मायला हवी होती :-)

क्लार्कच्या समोर असायचं ते ३२७० जातीचं टर्मिनल. हे १९७१ मधलं. त्याच्या सगळ्यात रुळलेल्या मॉडेलवर २४ ओळी, एका ओळीत ८० अक्षरं, म्हणजे एकूण १९२०. आजच्या मानाने ठोंब्या. पण त्याची एक सवय मला फार आवडायची. तुम्ही कीबोर्डवर जे टाइप करता त्यातलं एकही अक्षर मेनफ्रेमकडे जात नाही. ते तिथल्या तिथे, टर्मिनल आणि त्याच्या शेजारच्या कंट्रोलरपाशी राहतं. खोडा, परत लिहा, चहा पिऊन या, समोरच्याला 'पिनकोड परत सांगा' म्हणा. मेनफ्रेमला यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची त्याला हौसही नाही. तुम्ही एन्टर दाबलंत की मगच तो तुमच्याकडे वळणार. आजकाल सर्चच्या चौकटीत दोन अक्षरं टाकली की खाली दहा सूचना येतात. म्हणजे आपण वाक्य ठरवण्याआधीच पलीकडे कोणीतरी ऐकतंय. ३२७० मध्ये माणसाला आपलं म्हणणं पूर्ण करायची मुभा होती.

आणि एन्टर दाबल्यावर तरी काय जातं? कोणतं बटण दाबलं, कर्सर कुठे होता, आणि ज्या रकान्यांत तुम्ही हात घातलात तेवढ्यांतला मजकूर. बस्स. पडद्यावरच्या प्रत्येक रकान्याच्या आधी एक न दिसणारी खूण असते, तिच्यात 'हा रकाना बदलला आहे' असं सांगणारा एक बिट. त्याला एमडीटी म्हणायचं. तुम्ही फक्त पत्ता बदललात तर फक्त पत्ता जाणार. नाव, जन्मतारीख, पॉलिसी नंबर जिथल्या तिथे.

जुन्या लोकांना तार आठवत असेल. (आपली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.) शब्दाला पैसे, म्हणून माणूस दहादा विचार करून तेवढंच लिहायचा, जे पलीकडच्याला माहीत नाही. इथेही तेच. सेकंदाला ४८०० बिटच्या लाइनवर अख्खा १९२० अक्षरांचा पडदा धाडायचा तर तीन सेकंदांहून जास्त लागतात. पत्त्याची वीस-पंचवीस अक्षरं धाडायला पापणी लवायचाही अवकाश नाही. मूळ कारण काटकसर, पण तिच्यातून एक शिस्त आली: जे आधी सांगून झालंय ते परत विचारायचं नाही.

आता प्रोग्रॅमची बाजू. प्रोग्रॅम पडद्यावर अर्ज पाठवतो, त्याला 'सेंड मॅप' म्हणतात. मॅप म्हणजे छापील फॉर्मचा साचा समजा. क्लार्कने भरून एन्टर दाबलं की 'रिसीव्ह मॅप'. या दोन्हींच्या मध्ये प्रोग्रॅम काय करतो? नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांना वाटतं, वाट बघत बसत असेल. तसं करता येतं, पण तसं लिहिणाऱ्याला कोडच्या तपासणीत बोलणी बसायची. चांगला प्रोग्रॅम अर्ज पाठवून चक्क संपतो. मेमरी मोकळी करून निघून जातो. जाताना कारभाऱ्याला दोन गोष्टी सांगतो: या टर्मिनलवरून एन्टर आलं की अमुक ट्रान्झॅक्शन सुरू कर, आणि तोवर माझा हा कागद सांभाळ. कागदाचं नाव कॉमएरिया, साधारण ३२ केबीच्या आत बसेल एवढा. क्लार्कने पाच सेकंदांनी एन्टर दाबलं काय किंवा जेवून आल्यावर दाबलं काय, प्रोग्रॅम नव्याने जन्मतो, कागद वाचतो, 'अच्छा, हे आपलं मागचं काम' म्हणतो आणि पुढे चालू. या पद्धतीला स्यूडो-कन्व्हर्सेशनल म्हणतात. संभाषणाचं सोंगच म्हणा ना. समोरच्याला वाटतं आपल्याशी कोणीतरी सतत बोलतंय. प्रत्यक्षात पलीकडे प्रत्येक वेळी नवा माणूस असतो, फक्त त्याच्या हातात आपला कागद असतो.

माझ्या मेहुण्याला हे समजावताना मी केसपेपरचं उदाहरण दिलं होतं. आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात जा. डॉक्टर तपासतात, केसपेपरवर लिहितात, 'रक्त तपासून या' म्हणतात. तुमचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर तुमचा हात धरून बसत नाहीत. मागे चाळीस पेशंट आहेत. रिपोर्ट घेऊन परत गेलात की खुर्चीत कदाचित दुसरेच डॉक्टर असतात. तरी अडत नाही, कारण केसपेपर आहे. आता कल्पना करा, रिपोर्ट घेऊन गेल्यावर ते म्हणाले, 'केसपेपर? तो आम्ही फाडून टाकला. नाव सांगा, वय सांगा, काय होतंय सांगा.'

इथेच माझा मुद्दा आहे. प्रोग्रॅमने माणसासाठी ताटकळत बसू नये, हे बरोबरच. एका मेनफ्रेमवर हजारो टर्मिनलं. प्रत्येकासाठी एक प्रोग्रॅम अडकून पडला तर सगळंच बसेल. वेबचंही मुळात तसंच आहे. ब्राउझरने पान मागितलं, सर्व्हरने दिलं, संपला संबंध. म्हणून तर १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोन्टुली यांना कुकीची युक्ती काढावी लागली, ती कॉमएरियाचीच चुलत बहीण. पण ताटकळत न बसण्याची सवलत घेतली, तर त्याच्याबरोबरचं दुसरं कर्तव्य चुकत नाही: कागद सांभाळायचा. जुन्या लोकांनी दोन्ही केलं. आज बऱ्याच ठिकाणी सवलत तेवढी उरली आहे.

चूक झाली तर काय व्हायचं तेही सांगतो. बारा रकाने भरले, त्यात तारीख चुकली. प्रोग्रॅम तोच पडदा परत दाखवायचा, बाकीचे अकरा रकाने जसेच्या तसे, चुकलेला रकाना उजळ, कर्सर नेमका त्या रकान्यावर उभा, आणि खालच्या ओळीत एक निरोप. हे आपोआप होत नसे बरं का. त्यासाठी प्रोग्रॅमरला राबावं लागे. पडद्यावरचा मजकूर न पुसता फक्त निरोप पाठवायचा, कर्सरची जागा मोजायची, आधीच्या रकान्यांवर ती 'बदलला आहे'ची खूण आपण होऊन लावायची, म्हणजे क्लार्कने परत हात न लावताही ते पुढच्या खेपेला येतील. नवीन पोराला पहिले दोन महिने यातच घाम फुटायचा. पण शिकवणारा सीनियर हे सोडू द्यायचा नाही. "त्या बाईने एकदा टाइप केलंय ना, मग दुसऱ्यांदा का करायचं तिने?" हे वाक्य मी सोलापूरच्या एका सीनियरकडून इतक्या वेळा ऐकलंय की त्याच्या आवाजासकट पाठ आहे.

अजून एक. एन्टर दाबलं की कीबोर्ड बंद व्हायचा. पडद्याच्या तळाशी एक फुली उमटायची, आणि उत्तर येईपर्यंत कितीही बटणं बडवा, काही जायचं नाही. म्हणजे अधीर माणसाच्या हातून एकच पैसे दोनदा जाण्याची शक्यता यंत्रानेच कमी केलेली. आता आपल्याला काय दिसतं? 'कृपया बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका.' म्हणजे सांभाळायची जबाबदारी तुमची. विहिरीला कठडा बांधायचा सोडून 'आत पडू नका' अशी पाटी लावल्यासारखं वाटतं मला ते.

हे सगळं इतक्या तावातावाने लिहायचं कारण आमचे जिभाऊ. (माझे चुलते. बाहेरच्यांसाठी: खानदेशात वडीलधाऱ्यांना मानाने जिभाऊ म्हणतात.) मागे दिवाळीत गावी होतो, कापूस वेचणीचे दिवस. त्यांना शेतीचा एक ऑनलाइन अर्ज भरायचा होता. कोणता ते सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. गिरणाकाठच्या आमच्या गावाहून भडगावला गेलो. केंद्रात रांग. नंबर लागल्यावर पोराने भराभर भरायला घेतलं. गट नंबर, खाते नंबर, क्षेत्र, बँकेचं खातं, तो अकरा अक्षरी आयएफएससी कोड, पिकाचं नाव. तिसऱ्या पानावर एक कागद पाहिजे होता, तो पिशवीतून काढून, चष्मा लावून जिभाऊंनी नंबर वाचेस्तोवर वेळ गेला. मग मोबाइलवर ओटीपी. रेंज नाही म्हणून मी मोबाइल घेऊन रस्त्यावर. ओटीपी घेऊन आत येतोय तर पडद्यावर 'सत्र समाप्त झाले आहे, पुन्हा लॉगिन करा'. पुन्हा लॉगिन केलं तर पहिलं पान, कोरं करकरीत.

"समदं गयं?" जिभाऊंनी विचारलं. "आते काय करानं?"

दुसऱ्या खेपेला शेवटच्या पानावर खात्याच्या नंबरात एक आकडा चुकला. निरोप आला, आणि त्याबरोबर पानावरचे सगळे रकाने रिकामे. तोवर दुपार झाली. शेतात मजूर बाया लावलेल्या, वजन करायला घरचं कोणी नाही. जिभाऊ म्हणाले, राहू दे, उद्या पाहू. वाटेत ते काही बोलले नाहीत. वय वर्षं चौऱ्याहत्तर, अख्ख्या पंचक्रोशीत तोंडी हिशेबाला पक्का म्हणून ओळखला जाणारा माणूस. दिवसभर एका पडद्याने त्याला हळू, अडाणी ठरवलं होतं. मला संताप आला तो याचा.

त्या संकेतस्थळावर काम करणारी मुलं हुशार असणार, माझ्यापेक्षा कितीतरी नवी अवजारं त्यांच्या हातात आहेत. भरलेली माहिती पानागणिक साठवून ठेवणं हा त्यांच्यासाठी एका दुपारचा नाही तर फार तर एका आठवड्याचा खेळ. मग का होत नाही? माझं उत्तर कडू आहे. अमेरिकेतल्या त्या क्लार्क बाईचा तास कंपनीच्या खिशातून जायचा. तिने तोच पत्ता दोनदा टाइप केला तर तो खर्च कुठल्यातरी मॅनेजरच्या कागदावर दिसायचा. उत्तर यायला तीन सेकंद लागले तर आमच्या मीटिंगा लागायच्या. १९८२ मध्ये आयबीएमच्या डोहर्टी आणि थडानी या दोघांनी तर एक निबंधच लिहिला, की उत्तर एका सेकंदाच्या आत आलं तर माणसाचं काम किती वाढतं आणि पैसे किती वाचतात. जिभाऊंचा तास मात्र कोणाच्याच कागदावर नाही. तो त्यांचा त्यांनी घालवायचा, बसचं भाडं आणि वेचणीची मजुरी त्यांच्याच खिशातून. म्हणून अदब गेली. जिथे वेळेला किंमत होती तिथे ती होती, एवढंच.

जुन्याचे गोडवे गातोय असं वाटू नये म्हणून दुसरी बाजूही. हिरव्या पडद्याच्या दिवसांत जिभाऊ त्या टर्मिनलसमोर बसलेच नसते. ते पगारी, महिनाभर ट्रेनिंग घेतलेल्या माणसांसाठी होतं. कोणतं एफ बटण कशाला हे पाठ करायला लागायचं आणि चार अक्षरी ट्रान्झॅक्शनचं नाव माहीत नसेल तर काळाकुट्ट पडदा. आमच्या पडद्यांवर देवनागरीचं नाव नव्हतं. सगळी नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. आणि या पद्धतीची स्वतःची दुखणीही होती. प्रोग्रॅम मधल्या काळात हजर नसल्यामुळे दोन क्लार्कांनी एकच पॉलिसी उघडली तर एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलाखाली गाडला जायचा. ते टाळायला जुनी प्रत कॉमएरियात ठेवून, लिहिण्याआधी नोंद परत वाचून ताडून बघावी लागायची. सगळेच ते करत नसत.

आणि हो, 'टाइमआउट सुरक्षेसाठी असतो' हे मला कोणीतरी सांगणारच, म्हणून आधीच मान्य करतो. सीआयसीएसमध्येही होता. टर्मिनल उघडं टाकून कोणी गेलं तर साइन-ऑफ व्हायलाच पाहिजे. बँकेच्या खात्याला तर हवाच हवा. पण माणसाला बाहेर काढणं वेगळं आणि त्याचा अर्धा भरलेला कागद फाडणं वेगळं. परत आत आल्यावर, ओळख पटल्यावर, कागद त्याच्या हातात द्यायला सुरक्षेची आडकाठी काय?

उलट बघा काय झालंय ते. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो तेव्हा केंद्रातल्या पोराने ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढली. म्हणाला, काका, आधी इथे सांगा सगळं, मी लिहून घेतो, रात्री साइट मोकळी असते तेव्हा भरतो. ओटीपीसाठी तेवढा फोन चालू ठेवा. त्याने आपलं आपण कॉमएरिया तयार केलं होतं, बॉलपेनने. किती रुबाबदार अक्षर! प्रत्येक पानावर एक माणूस: नाव, गाव, गट नंबर, आधार, बँकेचं खातं, मोबाइल नंबर. ज्यांची कामं झाली त्यांच्यावर लाल पेनने बरोबरची खूण. पोरगा सरळ, कष्टाळू. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दहा मिनिटांत माणसाला बाहेर काढणाऱ्या त्या सगळ्या सुरक्षेचा शेवट असा, की कितीतरी गावांचे आधार आणि खाते नंबर एका वहीत, आणि ती वही बिनकुलपाच्या ड्रॉवरमध्ये.

जिभाऊंचा अर्ज त्याने रात्री सव्वाअकराला भरला. ओटीपी मी फोनवर वाचून दाखवला. पावतीची प्रिंट दुसऱ्या दिवशी घेतली, दहा रुपये.